काढ्यात नेमकं असतं काय? औषधी वनस्पतींच्या रासायनिक तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनस्पती-रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचं दार ठोठावणारे बहुतेक जण तीन प्रकारचे असतात. मालाला भाव मिळेल का, हे बघायला आलेले शेतकरी, आपल्या औषधाला ‘शास्त्रीय पुरावा’ हवा असलेले वैद्य आणि प्रकल्प जमा करायची तारीख डोक्यावर आलेले विद्यार्थी. त्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

पिशवीभर पाला आणलाय. यात काय काय आहे ते सगळं सांगाल का?

नाही. असं ‘सगळं’ सांगणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही. एका पानात शेकडो संयुगं असतात आणि त्यातली बरीचशी (साखर, प्रथिनं, हरितद्रव्य, मेण) प्रत्येक झाडात सापडतात. आधी प्रश्न ठरवा. अडुळसा आणला असेल तर ‘यात व्हॅसिसिन किती?’ असं विचारा. कालमेघ असेल तर ‘अँड्रोग्राफोलाइड किती?’ आणि विकायचा माल असेल तर ‘यात शिसं आहे का?’ यातल्या प्रत्येकाची पद्धत वेगळी, खर्च वेगळा आणि लागणारा वेळही वेगळा. मोघम प्रश्न घेऊन आलात तर मोघम रिपोर्ट मिळेल आणि पैसे मात्र पूर्ण जातील.

पण झाड ही संयुगं बनवतं कशाला?

आपल्या खोकल्यासाठी नक्कीच नाही. झाडाला पळून जाता येत नाही. कीड, बुरशी, चरणारी जनावरं आणि कडक ऊन यांच्याशी जागेवर उभं राहूनच झुंजावं लागतं. अल्कलॉइड, टॅनिन, टर्पिन, सॅपोनिन ही त्याची हत्यारं. त्यातली काही माणसाच्या शरीरातही काम करतात, काही घात करतात आणि पुष्कळ वेळा दोन्हींत फरक असतो तो फक्त मात्रेचा.

सुरुवात कुठून करायची?

झाडाच्या ओळखीपासून. लोकांना ही पायरी कंटाळवाणी वाटते, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

अशोकाचंच बघा. औषधात लागतो तो सीतेचा अशोक, सराका असोका, ज्याला केशरी-लाल फुलांचे घोस येतात. सोसायटीच्या कुंपणाला रांगेने उभा असतो तो उंच हिरवा ‘अशोक’ वेगळ्याच कुळातला आहे. त्याचं रसायनही वेगळं. तरी त्याची साल अशोकाची साल म्हणून बाजारात येते. शंखपुष्पीच्या नावाखाली तर देशाच्या वेगवेगळ्या भागांत किमान तीन वनस्पती वापरतात, आणि आपली निळ्या फुलांची गोकर्ण त्यातलीच एक. आयुर्वेदात अशांना ‘संदिग्ध द्रव्ये’ असं नावच आहे, म्हणजे हे दुखणं जुनं आहे.

गुळवेलीचा वाद अलीकडचा. करोनाकाळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी खाल्लेली वेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हे तपासलेलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. वाद पुढे बराच रंगला. माझ्या मते त्यातून घ्यायचा धडा साधा आहे: खाल्लेल्या वेलीचा तुकडा कुणीतरी जपून ठेवला असता, तर निम्मा वाद उभाच राहिला नसता.

म्हणून फूल किंवा फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि ओळख पटवून घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. नमुन्याला क्रमांक मिळतो. पुढे कुणी शंका काढली तर तो क्रमांक दाखवता येतो.

नमुना गोळा करताना काय सांभाळायचं?

कुठला भाग, कुठल्या महिन्यात, कसा वाळवला, हे तिन्ही लिहून ठेवा. अश्वगंधेच्या मुळीत आणि पानात विथॅनोलाइड गटातली संयुगं सापडतात, पण त्यांचं प्रमाण वेगळं असतं. पानात विथाफेरिन-ए तुलनेने पुष्कळ. मुळीच्या अर्कात पानं मिसळणाऱ्यांचं फावतं ते यामुळेच: एकूण आकडा छान दिसतो, माल मात्र मुळीचा नसतो.

सुगंधी वनस्पती उन्हात वाळवू नका, तेल उडून जातं. सावलीत, हवेशीर जागी, पातळ थर पसरून वाळवा. ओला पाला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कुरिअर करण्याची सवय तर सोडाच. पोहोचेपर्यंत त्याला बुरशी लागलेली असते आणि मग आम्ही बुरशीचं विश्लेषण करत बसतो.

अर्क कशात काढायचा? पाणी, अल्कोहोल की आणखी काही?

जे शोधायचं आहे ते ज्यात विरघळतं त्यात. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. टॅनिन आणि पुष्कळशी ग्लायकोसाइड्स पाण्यात उतरतात. काढा, स्वरस, तूप, आसव-अरिष्ट असे वेगवेगळे कल्प जुन्या वैद्यांनी केले, त्यात रसायनशास्त्राच्या नजरेला द्रावकांची निवड दिसते. आसव-अरिष्टात धायटीची फुलं घालून आंबवतात, त्यात अल्कोहोल आपसूक तयार होतं आणि निव्वळ पाण्यात न उतरणारे काही घटकही बाहेर येतात.

द्रावक आणि तापमान चुकलं तर काय होतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण चीनमधलं आहे. हिवतापावर किंगहाओ ही वनस्पती वापरल्याचे उल्लेख तिथल्या जुन्या ग्रंथांत होते, पण उकळून काढलेल्या अर्कांचे निकाल भरवशाचे येत नव्हते. चिनी संशोधक तू योयो यांना चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात मूठभर वनस्पती थंड पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा अशी कृती दिसली. उष्णतेने घटक नष्ट होत असावा हे त्यांनी ताडलं आणि ३५ अंश सेल्सियसला उकळणारं ईथर वापरलं. आर्टेमिसिनिन हाती लागलं ते अशा वाटेने, १९७२ मध्ये. २०१५ चं नोबेल त्याला मिळालं.

टीएलसी, एचपीटीएलसी, एचपीएलसी: फरक काय?

तिन्हींचं काम एकच, मिश्रण वेगळं करणं. टीएलसीत सिलिकाचा थर दिलेल्या पट्टीवर अर्काचा ठिपका ठेवतात आणि द्रावक वर चढू देतात. घटक आपापल्या वेगाने चढतात, पट्टे उमटतात. एचपीटीएलसीत तेच काम यंत्राने, नेमक्या मापात होतं आणि २५४ व ३६६ नॅनोमीटरच्या प्रकाशात फोटो घेतात. ओळख पटवायला ही पद्धत फार उपयोगी, कारण खऱ्या आणि भेसळीच्या मालाचे पट्टे शेजारी शेजारी दिसतात आणि न्यायालयातही फोटो समजतो. एचपीएलसीत अर्क दाबाखाली बारीक भुकटी भरलेल्या नळीतून जातो. ‘किती टक्के?’ या प्रश्नाचं भरवशाचं उत्तर तिथे मिळतं, अट एकच: तुलनेसाठी शुद्ध प्रमाण-द्रव्य हाताशी हवं.

माझ्या जीसी-एमएस रिपोर्टमध्ये चाळीस संयुगं आली. शोधनिबंध लिहू?

जरा थांबा. जीसीमध्ये, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीत, नमुना वाफ होऊन पुढे सरकतो. जे वाफ होत नाही ते तिथे दिसणारच नाही. निलगिरी, तुळस, गवती चहा यांच्या तेलाला ही पद्धत उत्तम. पण मिथेनॉलचा कच्चा अर्क त्यात टोचून ग्लायकोसाइड किंवा सॅपोनिन शोधायला जाणं म्हणजे विहिरीत जाळं टाकून समुद्रातले मासे मोजणं.

दुसरं असं, की यंत्राचं सॉफ्टवेअर आलेखातल्या प्रत्येक शिखराला आपल्या साठ्यातलं सर्वांत जवळचं नाव चिकटवतं. जवळचं नाव बरोबर असेलच असं नाही. कित्येक निबंधांत थॅलेट वर्गातली संयुगं ‘औषधी घटक’ म्हणून छापलेली आढळतात. ती बहुधा प्लॅस्टिकच्या नळ्या-बाटल्यांतून आलेली असतात. सिलिकॉन असलेली लांबलचक नावं दिसली तर ती यंत्राच्या नळीच्या अस्तराची झीज समजा. अशा याद्या छापणारी नियतकालिकं पुष्कळ आहेत, म्हणून त्या खऱ्या ठरत नाहीत. ज्या संयुगाचं प्रमाण-द्रव्य चालवून पडताळलं नाही, त्याच्यापुढे ‘संभाव्य’ असं लिहावं.

मार्कर संयुग म्हणजे काय? ते मिळालं की माल खरा ना?

मार्कर म्हणजे ओळखीसाठी किंवा मोजणीसाठी निवडलेलं संयुग. कालमेघात अँड्रोग्राफोलाइड, गुग्गुळात गुग्गुलस्टेरोन, बावचीत सोरालेन. ते मिळालं म्हणून माल खरा, असं मात्र नाही. दारुहळदीचा मार्कर बर्बेरिन. खरी दारुहळद हिमालयातली बर्बेरिस. दक्षिणेत तिच्या जागी कोसिनियम नावाची वेल वापरतात आणि गंमत अशी, की तिच्यातही बर्बेरिन भरपूर असतं. फक्त बर्बेरिन मोजलंत तर दोन्ही पास. सगळ्या पट्ट्यांचा नकाशा बघितला, सूक्ष्मदर्शकाखाली चूर्ण पाहिलं, तरच फरक कळतो. माझ्या अनुभवात भेसळ पकडण्यात जुना सूक्ष्मदर्शक महागड्या यंत्रांच्या तोडीस तोड ठरतो.

आमच्या हळदीत करक्युमिन किती निघेल? दोन ठिकाणी दोन आकडे आले.

हा सांगली, हिंगोली, वसमतकडून हमखास येणारा प्रश्न. हळदीत मुख्य पिवळी संयुगं तीन: करक्युमिन, डिमेथॉक्सिकरक्युमिन आणि बिसडिमेथॉक्सिकरक्युमिन. तिघं मिळून वाळल्या हळकुंडात साधारण दोन ते पाच टक्के भरतात, काही वाणांत थोडं जास्त.

दोन आकडे येण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. एका ठिकाणी ४२५ नॅनोमीटरला रंगाची तीव्रता मोजली, तिथे तिन्हींची बेरीज मिळते. दुसरीकडे एचपीएलसीवर एकट्या करक्युमिनचा आकडा दिला, तो कमीच येणार. दोघांनीही त्याला ‘करक्युमिन’च म्हटलं. शिवाय ओलावा असतो. हळदीत १२ टक्के पाणी धरलं आणि आहे त्या स्थितीत ३.० टक्के निघाले, तर तेच कोरड्या वजनावर ३.४ होतात. व्यापारी कुठल्या हिशेबाने भाव लावतोय ते आधी विचारा. आणि नमुना देताना निवडक चकचकीत हळकुंडं देऊ नका. दहा पोत्यांतून थोडी थोडी काढा, गड्डेही घ्या, एकत्र दळा आणि त्यातला भाग पाठवा.

घरी काही तपासता येतं का?

थोडंफार. हळदीत चुन्याची निवळी घातली की ती लाल होते. अल्कलीत करक्युमिनचा रेणू बदलतो आणि रंग पालटतो. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच रसायनावर उभी आहे. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लागताच लाल होतो तोही त्यामुळेच, आणि तो डाग उन्हात फिका पडतो, कारण करक्युमिन प्रकाशात तुटतं. (म्हणून हळद पारदर्शक बरणीत खिडकीत ठेवू नये.)

भेसळीसाठी ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका. चांगली हळद खाली बसताना पाण्याला फिकट पिवळा रंग येतो. गडद पिवळा आला तर शंका घ्या. मेटॅनिल यलोसाठी हायड्रोक्लोरिक आम्लाची चाचणी असते: आम्लाने आलेला गुलाबी-जांभळा रंग पाणी घातल्यावरही टिकला तर हा बंदी असलेला रंग आहे. ती मात्र कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करा, स्वयंपाकघरात नको. लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, यातल्या कशानेही खात्रीने कळत नाही. त्याला यंत्रच हवं.

हिरड्याच्या काढ्यात हिराकशीचं पाणी घातलं की काळा रंग येतो. ही टॅनिनची खूण. जुन्या शाया आणि कापडाचे काळे रंग असेच होत. रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनचा.

परंपरेतल्या ‘शुद्धी’ला रासायनिक अर्थ आहे का?

काही ठिकाणी स्पष्ट आहे. वचनागात अकोनिटिन असतं, हृदयाची लय बिघडवणारं जबर विष. ग्रंथांत वचनाग गोमूत्रात भिजवायला किंवा दुधात शिजवायला सांगितलंय. पाण्याच्या सान्निध्यात शिजवल्यावर अकोनिटिनमधले एस्टर बंध तुटतात. आधी अ‍ॅसिटिल गट जातो, मग बेंझॉइल, आणि उरणारी संयुगं मूळ विषाच्या मानाने फारच सौम्य असतात. एचपीएलसीवर शुद्धीपूर्वीचा आणि नंतरचा आलेख शेजारी ठेवला की अकोनिटिनचं शिखर खाली आलेलं दिसतं. बिब्ब्याचं तसंच. त्याच्या तेलातले भिलावानॉल कातडीवर फोड आणतात. बिब्बे विटेच्या भुकटीत घोळण्याची रीत हे तेल शोषून घेते.

पण शुद्धी ‘केली’ असं म्हणणं आणि ती पुरी झालेली असणं यात अंतर आहे. प्रत्येक खेपेला उरलेलं अकोनिटिन मोजलं पाहिजे. घरी वचनागाच्या वाटेला जाऊ नका.

वनस्पती नैसर्गिक आहे, पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. मग तपासायचं कशाला?

१९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून अ‍ॅरिस्टोलोकिया आली. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडं निकामी होत गेली, पुढे त्यातल्या अनेकांना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. दोषी निघालं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. याच वंशातली सापसंद आपल्याकडेही औषधात वापरली जाते. या विषाचा परिणाम सावकाश होतो, त्यामुळे खाणारा आणि देणारा दोघंही ‘आजवर काही झालं नाही’ असंच म्हणत राहतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाला उलटी-जुलाब लगेच कळतात, वीस वर्षांनी होणारा कर्करोग कळत नाही.

जड धातूंची मर्यादा किती?

वनस्पतीजन्य आयुर्वेदिक औषधांसाठी दशलक्ष भागांत शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग. रस्त्याकडेचा, कारखान्याजवळचा किंवा सांडपाण्यावर वाढलेला पाला घेऊ नका. भस्मं आणि रसकल्प हा वेगळा विषय.

घटक सापडला म्हणजे औषध लागू पडतं, हे सिद्ध झालं ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त नाराजी होते ती या उत्तरावर. करक्युमिनच बघा. परीक्षानळीत ते शेकडो गोष्टी करून दाखवतं, पण पोटातून रक्तात फारच थोडं पोहोचतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या अभ्यासात सोबत मिरीतलं पायपेरिन दिल्यावर रक्तातलं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. तरीही रक्तात पोहोचणं वेगळं आणि रोग बरा होणं वेगळं. ‘अँटिऑक्सिडंट’ चाचण्यांचं तर बोलायलाच नको. फिनॉल मोजायला वापरतात तो फोलिन अभिकारक फिनॉलसोबत जीवनसत्त्व ‘क’लाही रंग देतो, त्यामुळे आवळ्याचा ‘एकूण फिनॉल’ आकडा फुगून येतो.

सर्पगंधेचा प्रवास मात्र पूर्ण झाला. सलिमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये दिल्लीत तिच्या मुळीतून अजमालिन वेगळं केलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्यातून रक्तदाब उतरवणारं रेसर्पिन वेगळं काढलं. म्हणजे रेसर्पिन हाती येण्याच्या आधीच रुग्णांवर मोजमाप झालेलं होतं. मोजण्याऐवजी निव्वळ ‘आमच्याकडे पूर्वीपासून आहे’ असं म्हणून डॉ. वकील थांबले असते, तर सर्पगंधा इतक्या लवकर जगाच्या दवाखान्यांत पोहोचली नसती.

सह्याद्रीतल्या झाडातून मोठं औषध निघालंय का?

नरक्या. हे फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून सविस्तर सांगतो. मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत काम करत होते. १९६६ मध्ये त्यांच्या गटाने एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी संयुग वेगळं केलं. पुढे टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध शोधलं तेही याच जोडीने. १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या पश्चिम घाटातल्या नरक्यात सापडलं. या झाडाचा वास इतका उग्र, की त्याचं जुनं शास्त्रीय नावच मॅपिया फिटिडा, म्हणजे दुर्गंधी. कॅम्प्टोथेसिनमध्ये फेरफार करून केलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि आज कर्करोग रुग्णालयांत नेहमीची आहेत.

आणि झाडाचं काय झालं? कोकण आणि साताऱ्याच्या जंगलातून लाकडाच्या गाड्या भरून गेल्या. एका किलो लाकडात हे संयुग जेमतेम काही ग्रॅम, त्यामुळे मागणी आली की कुऱ्हाड मुळापर्यंत जाते. रासायनिक तपासणीत ‘चांगला’ आकडा निघणं ही जंगलासाठी नेहमीच चांगली बातमी नसते. गोळा करण्यापूर्वी वन विभागाला आणि गावच्या जैवविविधता समितीला विचारा. रानातून आणणं आणि शेतात लावलेलं काढणं यांचे नियम वेगळे आहेत.

रिपोर्ट हातात आल्यावर काय बघायचं?

पद्धतीचं नाव, नमुन्याचा क्रमांक, आकडा कोरड्या वजनावर आहे की नाही, आणि प्रयोगशाळेची एनएबीएल (चाचणी प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता नेमक्या त्या चाचणीसाठी आहे का. मान्यता संस्थेला असते आणि चाचणीनिहायही असते. विक्रीच्या औषधासाठी आयुषच्या नियमांखाली मान्यता असलेली प्रयोगशाळाच लागते. ‘नमुना जसा मिळाला तसा तपासला’ हे तळाचं बारीक वाक्य वाचा. म्हणजे बाटलीत काय होतं ते प्रयोगशाळेने सांगितलं, ते तुमच्या शेतातून आलं याची हमी दिलेली नाही.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे, पैसे कमी आहेत. काय करू?

एकच वनस्पती घ्या आणि एकच प्रश्न. उदाहरणार्थ, गावातल्या पाच दुकानांतून अशोकाची साल आणा, सीतेच्या अशोकाची ओळख पटवलेली साल जोडीला ठेवा आणि साध्या टीएलसी पट्ट्यांवर सहाही नमुने शेजारी चालवा. राख मोजा, पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये उतरणारा अंश मोजा. भट्टी आणि तराजू कुठल्याही फार्मसी कॉलेजात असतात. आयुर्वेदिक फार्माकोपियात या मर्यादा दिलेल्या आहेत, त्यांच्याशी ताडून पाहा. प्रत्येक नमुन्याची तीन-तीन मापनं घ्या. दुकानांची नावं प्रबंधात लिहू नका, क्रमांक द्या. आणि प्रत्येक सालीचं निम्मं चूर्ण काचेच्या बाटलीत, लेबल लावून, तोंडी परीक्षा होईपर्यंत राखून ठेवा. परीक्षक मागतात.